चौघांतला कच्चा लिंबू

आपल्याकडे गोल्फ म्हटले की निम्म्या लोकांना नाशिकचे गोल्फ क्लब मैदान आठवते आणि तिथे गोल्फ सोडून बाकी सगळे चालते. रणजीचे सामने होतात, पहाटे लोक फेऱ्या मारतात, संध्याकाळी बाहेर भेळ मिळते. कागदोपत्री ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. नगरचे उलटे आहे. इथे खराखुरा गोल्फ कोर्स आहे, पण तो लष्कराच्या हद्दीत असल्यामुळे निम्म्या शहराला त्याचा पत्ता नाही.

आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री रेजिमेंटल सेंटर या दोन मोठ्या संस्था नगरमध्ये असल्याने अधिकाऱ्यांची ये-जा कायम असते. फौजेत बदलीच्या गावोगावी गोल्फ कोर्स भेटतो, त्यामुळे पंधरा-वीस वर्षांत हात चांगलाच बसलेला असतो. फौजी घरातला गोल्फपटू अनिर्बान लाहिरी, हे नाव तुम्ही ऐकले असेल. जन्म पुण्याचा, १९८७चा, वडील लष्करात डॉक्टर आणि गोल्फचे पहिले धडे वडिलांकडूनच. टोकियो ऑलिंपिकमध्ये पुरुष गोल्फमध्ये भारताचे दोघे उतरले, हे लाहिरी आणि दुसरे पुण्याचे उदयन माने.

आता नगरच्या नवख्याची अडचण बघा. पुण्या-मुंबईत नवा खेळाडू आपल्यासारखे तिघे नवे शोधून कोपऱ्यात निवांत शिकू शकतो. लहान ठिकाणी खेळणारेच मोजके. एखादा डॉक्टर, एमआयडीसीतला कारखानदार किंवा निवृत्त प्राध्यापक ओळखीने पाहुणा म्हणून गेला की चौकडीतले उरलेले तिघे बहुधा त्याच्यापेक्षा दहा-वीस फटक्यांनी सरस निघतात. सराव पुरता झाला नसताना थेट पक्क्या गड्यांच्या पंक्तीला बसावे लागते. पुण्यात येरवड्याच्या पूना क्लब कोर्सवर किंवा चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सीत कुणी पाहुणा म्हणून नेले, तरी गत तीच. हा लेख त्या पाहुण्यासाठी आहे.

हौशी म्हणजे कच्चा, हा समज आधी सोडा. गोल्फमध्ये हौशी म्हणजे बक्षिसाच्या पैशासाठी न खेळणारा, एवढेच. अमेरिकेचा बॉबी जोन्स ऐन भरातल्या कारकिर्दीत हौशीच राहिला आणि १९३०मध्ये त्याने ब्रिटन व अमेरिकेच्या खुल्या आणि हौशी अशा चारही स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या. आपल्या बिल्लू सेठींनी १९६५ साली हौशी असताना इंडियन ओपन जिंकली. १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये लक्ष्मण सिंग यांना वैयक्तिक सुवर्ण, राजीव मोहता यांना रौप्य आणि संघालाही सुवर्ण मिळाले. ते सगळे हौशीच होते. रविवारी तुमच्या वाट्याला येणारा माणूस एवढा मोठा नसेल. पण तो ‘सिंगल हँडिकॅप’ असेल, म्हणजे पारपेक्षा, कोर्सच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा, नऊ किंवा त्याहून कमी फटके जास्त घेणारा, तर त्याचा खेळ बघून छातीत धस्स होणारच.

तुमच्या वाईट फटक्यांचे त्याला काही वाटत नाही. तोही त्याच वाटेने आलेला असतो आणि त्याचे लक्ष स्वतःच्या खेळात असते. त्याला छळतो तो तुमचा वेळकाढूपणा, तुमची बडबड आणि तुमचे माफी मागणे. हे तीन सांभाळले तर शंभरावर वीस फटके घेऊनही तुम्हाला परत बोलावणे येते.

आधी हिशेब समजून घ्या, म्हणजे दडपण निम्मे उतरेल. जगभर २०२०पासून एकच हँडिकॅप पद्धत आहे, आपल्याकडे ती इंडियन गोल्फ युनियनमार्फत चालते. तुमच्या शेवटच्या वीस कार्डांतील उत्तम आठांची सरासरी, असे तिचे ढोबळ गणित. नवख्याला जास्तीत जास्त ५४.० मिळू शकतो. समजा, कोर्सवर तुमचा हँडिकॅप २४ आणि सोबत्याचा ४ आहे. अवघडपणात पाचव्या क्रमांकाचे, चार पारचे होल आले. तिथे तुम्हाला दोन फटक्यांची सूट, त्याला शून्य. त्याने चारात पूर्ण केले, तुम्ही सहात. सूट वजा जाता दोघांचेही चारच, म्हणजे पार; म्हणून फटक्यांऐवजी गुण मोजणाऱ्या स्टेबलफोर्ड पद्धतीत दोघांनाही दोन-दोन गुण. ही पद्धत इंग्लंडमधल्या फ्रँक स्टेबलफोर्ड नावाच्या डॉक्टरने काढली आणि १९३२ साली वॉलेसी क्लबवर तिची पहिली स्पर्धा झाली. नवख्यासाठी यापेक्षा सोयीची पद्धत नाही, कारण एखाद्या होलवर गुण मिळण्याची आशा संपली की चेंडू उचलून खिशात टाकायचा आणि पुढे निघायचे. एका होलवर अकरा फटके झाले म्हणून दिवस बुडत नाही. पहिल्या टीवर उभे राहण्याआधी एवढेच विचारा, “आज स्टेबलफोर्ड खेळायचं का?” बहुतेक चौकड्या हो म्हणतात.

आठांची सरासरी ही गोष्ट अजून एका कारणासाठी ध्यानात ठेवा. विसांतली बारा वाईट कार्डे त्यात धरलेलीच नसतात. चार हँडिकॅपचा माणूस रोज चार जास्त मारत नाही, बहुतेक दिवशी सात-आठ मारतो आणि मनात चरफडतो. अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे व्यावसायिकसुद्धा ग्रीनवर आठ फुटांवरचा पट साधारण दोनदा मारतात तेव्हा एकदा होलमध्ये जातो. तेव्हा सोबत्याचा चेंडू बाभळीत गेला तर आश्चर्याने ‘अरेरे’ म्हणू नका. त्याला त्याची सवय आहे.

आता वेळ. अठरा होलना चौघांना चार ते साडेचार तास लागतात. त्यातला चेंडू मारण्याचा वेळ काही मिनिटांचाच, उरलेला चालण्यात, शोधण्यात आणि ठरवण्यात जातो. नवखा माणूस स्विंग सावकाश केल्याने मागे पडत नाही. चेंडूपाशी पोचल्यावर तो विचार सुरू करतो, म्हणून मागे पडतो. सरस खेळाडू चालता चालता अंतर बघतो, वारा बघतो, हातमोजा चढवतो. चेंडूपाशी येतो तेव्हा त्याचे ठरलेले असते. नियमांतही फटक्यासाठी चाळीस सेकंदांहून जास्त घेऊ नयेत, अशी शिफारस आहे. एक सराव स्विंग पुरे. तीन केल्याने चौथा सुधारत नाही, हे कुठल्याही कॅडीला विचारा.

होलपासून सगळ्यात लांब असेल त्याने आधी मारायचे, हा जुना रिवाज. २०१९च्या नियमांनी स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजण्याच्या प्रकारात, जो तयार असेल त्याने मारावे, याला उघड मान्यता दिली. सोबती त्याचा चेंडू शोधत असेल आणि तुम्ही तयार असाल, तर “मी मारून घेतो सर,” म्हणा आणि मारा. त्यामुळे कुणाचा अपमान होत नाही. हरवलेला चेंडू शोधायला आता पाचऐवजी तीनच मिनिटे मिळतात. म्हणून शंका असेल तेव्हा टीवरूनच दुसरा चेंडू मारा, पण मारण्याआधी ‘प्रोव्हिजनल’ हा शब्द तोंडाने उच्चारा. न उच्चारता मारला की तोच तुमचा खेळातला चेंडू ठरतो, दंडासकट. मग पहिला सापडला तरी उपयोग नाही. सरस खेळाडूंना असले तपशील पाठ असतात आणि तुम्हालाही ठाऊक आहेत हे दिसले की त्यांच्या मनातली तुमची पायरी एकदम वर जाते.

टीवर मोह आवरा. समोरच्याचा ड्रायव्हरचा फटका अडीचशे यार्डांवर जाऊन पडला की आपलेही हात शिवशिवतात. माझे स्पष्ट मत आहे की पहिल्या वर्षात अशा सोबतीत ड्रायव्हर पिशवीतच राहू द्यावा. हायब्रिडने किंवा सात नंबर आयर्नने दीडशे यार्ड सरळ गेलेला चेंडू कुणालाही शोधावा लागत नाही.

सोबत्यांची खरी परीक्षा होते ती ग्रीनवर. सकाळी साडेसातची वेळ धरा. ऊन अजून तिरपे आहे, माणसाची सावली अंगापेक्षा लांब पडते. चार चेंडू चार दिशांना. तुमचा होलपासून दोन-अडीच मीटरवर, सोबतच्या कर्नल साहेबांचा सात मीटरवर. पहिली गोष्ट, आपल्या चेंडूमागे नाणे ठेवून चेंडू उचला. मग त्यांच्या चेंडूपासून होलपर्यंत मनात रेघ ओढा, ती होलच्या पलीकडे मीटरभर वाढवा आणि त्या पट्ट्यावर पाय ठेवू नका. पलीकडचा भाग कशाला, असे वाटेल. पट होलला चुकवून पुढे गेला तर परतीचा मार्ग तोच असतो, म्हणून. आता स्वतःच्या टोपीची सावली कुठे पडते ते बघा. ती रेघेवर असेल तर दोन पावले बाजूला सरका. त्यांच्या नेमके मागे किंवा नेमके समोर उभे राहू नका. बाजूला, नजरेच्या कोपऱ्याबाहेर आणि स्तब्ध.

तुमचे नाणेच त्यांच्या वाटेत येत असेल तर ते म्हणतील, “डॉक्टर, जरा एक हेड डावीकडे.” पटरचे डोके नाण्याशी टेकवायचे, दूरच्या झाडावर किंवा खांबावर नेम धरायचा आणि नाणे त्या डोक्याएवढे सरकवायचे. खरी गंमत पुढे आहे. त्यांचा पट झाला, सगळे ‘वा’ म्हणाले आणि तुम्ही सरकवलेल्या जागेवरूनच चेंडू मारला, तर चुकीच्या जागेवरून खेळल्याबद्दल स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटके दंड. मुरलेले खेळाडू यावर साधी युक्ती करतात. नाणे सरकवताना ते उलटून ठेवतात. एरवी काटा वर, सरकवले की छापा वर. पटला वाकताना छापा दिसला की आठवण आपोआप होते.

चेंडू ग्रीनवर पडून खळगा झाला असेल तर तो दुरुस्त करायचा, आपला एक आणि शेजारचा एक. बंकरमधून बाहेर येताना वाळू ओढायची. पिशवी ग्रीनच्या पुढच्या बाजूला, पुढच्या टीकडे जाणाऱ्या वाटेवर ठेवायची. गुण तिथेच उभे राहून लिहायचे नाहीत, पुढच्या टीवर लिहायचे. नाहीतर मागच्या चौकडीचा फटका अडून राहतो.

माफीचे बोललेच पाहिजे, कारण मराठी माणूस यात फार वाहवत जातो. फटका चुकला की “सॉरी सर”, पुढचा चुकला की “आज काय होतंय कळत नाही”, तिसऱ्याला “काल रात्री झोप नाही झाली”. प्रत्येक वाक्यावर समोरच्याला “होतं हो, होतं” म्हणावे लागते. चार तास एखाद्याचे सांत्वन करणे हे त्याच्या सुटीच्या दिवशी त्याच्यावर लादलेले काम आहे. फटका चुकला की पिशवी उचला आणि चालू लागा. कौतुकाचेही तेच. चेंडू हवेत असताना “क्या शॉट है” ओरडू नका, तो अजून बंकरमध्ये जायचा असतो. थांबला की म्हणा, एकदाच. माफी मागायची एकच खरी वेळ असते, चेंडू कुणाच्या दिशेने गेला तर. तेव्हा आधी ‘फोर’ असा खणखणीत आवाज द्यायचा, संकोच न करता. सॉरी नंतर.

शिकायचे कसे, हा पुढचा प्रश्न. चांगल्या खेळाडूच्या शेजारी चार तास चालायला मिळाल्यावर विचारावेसे खूप वाटते. पण स्पर्धेत “तुम्ही कुठला क्लब मारला?” एवढा साधा प्रश्न आपला फटका मारण्याआधी विचारला, तर तो सल्ला मागणे ठरतो आणि स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटके दंड बसतो. समोरच्याने उत्तर दिले तर त्यालाही. नियम काय आहे, झेंड्यापर्यंत अंतर किती, हे मात्र बिनधास्त विचारा, ते सल्ल्यात येत नाही. त्याच्या पिशवीत डोकावून कुठला क्लब बाहेर आहे हे नुसते बघितले तरी चालते. पिशवीला किंवा वर टाकलेल्या टॉवेलला हात लावून बघितले की चालत नाही. नियम लिहिणाऱ्यांना माणसाचा स्वभाव चांगला कळलेला दिसतो.

मैत्रीच्या खेळात दंड नाही, तरी सवय डोळ्यांनी शिकण्याचीच ठेवा. मात्र स्विंगकडे बघू नका. त्यांचा स्विंग वीस वर्षांचा आहे, तो बघून उचलता येत नाही, उलट आपला आहे तोही बिघडतो. बघायचे ते निर्णय. झेंडा ग्रीनच्या उजव्या कडेला आणि उजवीकडे बंकर असेल तर ते कुठे नेम धरतात? बहुतेक वेळा ग्रीनच्या मध्यावर. झाडीत गेल्यावर काय करतात? दोन फांद्यांमधून मारत नाहीत, आडवा फटका मारून मुकाट्याने फेअरवेवर येतात. तुमच्यातला आणि त्यांच्यातला फरक त्या आडव्या फटक्यात जास्त आणि लांब ड्राइव्हमध्ये कमी असतो.

आपल्या भागात अजून एक गोष्ट बघण्यासारखी. नगर जिल्हा पर्जन्यछायेतला. मार्च ते मे जमीन टणक होते, काळ्या मातीला भेगा पडतात, गवत पिवळे पडते. पूर्वी पाणी नसलेल्या ठिकाणी गवताच्या ग्रीनऐवजी तेल मिसळलेल्या वाळूचे ‘ब्राऊन’ असत, काही छावण्यांत ते अजून दिसतात. टीव्हीवर बघितलेला उंच, ग्रीनवर पडून जागीच थांबणारा फटका अशा जमिनीवर उसळून मागे ओढ्यात जातो. इथे मुरलेला माणूस ग्रीनच्या वीस-पंचवीस यार्ड अलीकडून सँड वेज काढतच नाही. सात किंवा आठ नंबर आयर्न काढतो, चेंडू अलीकडे टेकवतो आणि घरंगळत झेंड्यापर्यंत पाठवतो. दिसायला फटका अगदी साधा, आणि नवख्याला सगळ्यात लवकर जमणारा. पावसाळ्यात जमीन चिखलाची झाली की हेच गणित उलटते. तेव्हा चेंडू उचलून, पुसून ठेवण्याची स्थानिक सवलत आज लागू आहे का, हे सुरू करण्याआधी विचारून घ्या.

कॅडीला मान द्या. अली शेर दिल्लीचा कॅडी होता आणि १९९१ साली त्याने इंडियन ओपन जिंकली, बंगळूरचा सी. मुनियप्पाही कॅडीच होता, त्याने ती २००९मध्ये जिंकली. तुमचा चेंडू कुठे पडला हे पुढे उभा असलेला आगेवाला तुमच्याआधी सांगतो. “साहेब, सात नंबर घ्या” असे तो म्हणाला तर घ्या. हा सल्ला नियमात बसतो, कारण तो तुमचाच कॅडी आहे. त्याचे पैसे किती, टिप किती, हे सोबत्यांना आधी विचारा. कमी दिले तर त्याचे नुकसान, भरमसाट दिले तर पुढच्या रविवारी बाकीच्यांना त्रास.

बाकीचे थोडक्यात. कॉलरचा टी-शर्ट, जीन्स नको, बुटांना मऊ स्पाइक. फोन बंद. लष्करी हद्दीत ओळखपत्र जवळ ठेवा, सदस्याबरोबरच आत जा आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका. उन्हाळ्यात साडेसहाची टी वेळ असेल तर सहाला हजर राहा. ग्रीनशेजारी दहा पट मारून बघितले तरी हात मोकळा होतो. होलमागे पैजेची गोष्ट निघाली तर पहिल्या टीवरच स्पष्ट बोला. नाही म्हणायला लाज नाही. नवव्या होलवर आकडा वाढवला जातो तेव्हा मात्र नाही म्हणणे अवघड होते.

खेळ संपला की टोपी काढून हस्तांदोलन आणि मग शांतपणे कार्ड. स्ट्रोक प्लेच्या स्पर्धेत तुमचे कार्ड सोबती लिहितो, पण प्रत्येक होलच्या आकड्याची जबाबदारी तुमची. १९६८च्या मास्टर्समध्ये अर्जेंटिनाच्या रॉबर्टो डी व्हिसेन्झोने सतराव्या होलवर तीन फटके घेतले, सोबत्याने चार लिहिले आणि त्याने न बघता सही केली. वाढीव आकडा कायम धरला गेला आणि बॉब गोल्बीशी बरोबरीत सुटून प्लेऑफ खेळण्याची संधी त्या एका सहीने गेली. उलट, खरा आकडा लपवून कमी लिहिला गेला असता तर बादच झाला असता. सरस सोबत्यासमोर होल-होल मोठ्याने वाचून घ्या. “चौथ्यावर आठ, सर.” स्वतःचे आठ स्वतः सांगणाऱ्या माणसाचा हँडिकॅप कितीही असो, त्याच्याबरोबर खेळायला कुणी कुरकुरत नाही.

आणि हे वाचणाऱ्यांत कुणी सिंगल हँडिकॅपवाले असतील तर त्यांना एक विनंती. नगरसारख्या ठिकाणी चौकडीतली चौथी जागा कितीतरी रविवार रिकामी जाते. महिन्यातून एकदा ती एखाद्या चोवीस हँडिकॅपच्या माणसाला द्या. पहिल्या टीवर त्याला एवढेच सांगा, “स्टेबलफोर्ड खेळू, गुण संपले की चेंडू उचला.” आणि त्याने विचारल्याशिवाय त्याचा स्विंग सुधारायला जाऊ नका.